शिरगणती फेब्रुवारीत, अर्धं गाव कारखान्यावर, मग एसटी बस मागायची कोणत्या आकड्यावर?

बालाघाटी

राम राम मंडळी. धागा लांबणार हाय, विषयच तसा हाय.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या हजाराच्या जरा खाली. मूळ गावठाण आणि त्याला जोडलेल्या तीन वस्त्या, मेन रोडच्या फाट्यापासून साडेचार किलोमीटर आत. पूर्वी रात्री मुक्कामी गाडी यायची आणि सकाळी साडेसहाला निघायची. शाळा, कॉलेज, दवाखाना, तहसील, बाजार सगळं त्या एका गाडीवर. २०२१-२२ च्या संपात गाड्या उभ्या राहिल्या, तालुक्याच्या बाकी रूटला हळूहळू चालू झाल्या, आमच्याकडं काही परत आली नाही. आता अर्ज घेऊन गेलं की पहिला प्रश्न, गावची लोकसंख्या किती. आम्ही सांगतो. मग उत्तर येतं की एवढ्याशा गावाला गाडी परवडत नाही.

मला बोलायचंय ते ह्या आकड्याबद्दल. जनगणना होते कधी, तर फेब्रुवारीत. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी झाली आणि १ मार्च ही तारीख धरली. पुढची बी १ मार्च २०२७ धरूनच होणार हाय, १६ जून २०२५ ला अधिसूचना निघालीय. आणि फेब्रुवारीत आमचं गाव कुठं असतं? दसरा-दिवाळी झाली की मुकादम उचल, म्हंजे आगाऊ पैसे, देऊन मोकळा झालेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार बांधून निघतात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कोणी खाली कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला, ते मार्च-एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजे हंगाम संपला, की परत. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, त्याच्यासंगं लहान लेकरं. फेब्रुवारीत गावात घरापुढं कुलपं दिसतात. मागं ऱ्हातात म्हातारी माणसं आणि शाळेपायी आजीजवळ ठेवलेली पोरं.

आता हाच फेब्रुवारीचा आकडा धरून रस्ता मंजूर होतो, ह्याच आकड्यावर ग्रामपंचायतीचे सदस्य ठरतात, उपकेंद्र ठरतं, आणि गाडी मागायला गेलं तरी हाच तोंडावर मारला जातो. जी माणसं मागं ऱ्हातात त्यांच्याजवळ तर गाडी चालवणारं कोणी नसतं, म्हंजे एसटीची सगळ्यात जास्त गरज त्याच महिन्यात हाय.

तर माझं म्हणणं एकच हाय. गावानं आपला आकडा आपणच काढला पाहिजे, कोण, किती, कुठं जातं आणि किती वाजता. पण तो कसा काढायचा आणि कोणाच्या हातात द्यायचा ते मला माहिती असलेल्या माणसांकडून पाहिजे. ज्यांच्या गावानं बंद पडलेली फेरी परत चालू करून घेतलीय त्यांनी खरंच लिहा.

गुरुजी_हिंगोली

बालाघाटीभाऊ, विषय फार मोलाचा काढलात. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २०११ च्या जनगणनेत प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा, म्हणून घरोघर फिरलोय, म्हणून नियम सांगतो.

प्रगणक कुटुंबात कोणाला धरतो? जो त्या घरात नेहमी राहतो आणि मोजणीच्या काळात थोडे दिवस का होईना घरी होता, किंवा महिना संपायच्या आत घरी परत येणार आहे, त्याला. जो पूर्ण काळ बाहेर आहे त्याची नोंद त्याच्या गावात होत नाही, तो जिथं सापडेल तिथं होते. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब नोव्हेंबरपासून बाहेर, त्यामुळं त्यांची नोंद कारखान्याच्या परिसरात, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत. आणि उघड्यावर राहणाऱ्या बेघर माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री होते. म्हणजे माणूस देशाच्या एकूण आकड्यात येतो, पण तुमच्या गावाच्या आकड्यातून जातो आणि साखर कारखान्याच्या गावाच्या आकड्यात जमा होतो. देशाची बेरीज बरोबर, गावाची वजाबाकी.

दुसरी गोष्ट. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड असतो, अगदी बेचिराख गावालासुद्धा, जिथं माणूस एक नाही पण शिवार आहे. पण जिथं तीनशे माणसं राहतात त्या वाडीला किंवा तांड्याला स्वतंत्र कोड नसतो, ती आईगावाच्या पोटात. मग त्या गावाला बस आहे अशी नोंद झाली की पोटातल्या वाडीलासुद्धा बस आहे असंच कागदावर होतं, मग ती वाडी ओढ्याच्या पलीकडं का असेना.

तुम्ही जिल्हा जनगणना पुस्तिका काढून बघा, जनगणना कार्यालयाच्या वेबसाईटवर मोफत आहे. त्यात ग्राम निर्देशिका म्हणून भाग असतो. प्रत्येक गावापुढं सरकारी बस, खाजगी बस, रेल्वे स्टेशन, ऑटो, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी असे रकाने आहेत. सोय गावात नसेल तर इंग्रजी ए, बी किंवा सी लिहिलेलं असतं. ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या पुढं. तुमचं गाव साडेचार किलोमीटर, म्हणजे तुम्हाला ए मिळणार. वाचणाऱ्याला वाटतं ए म्हणजे चांगलं आहे. डोक्यावर पिशवी घेऊन साडेचार किलोमीटर चढ चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं काय ते त्या एका अक्षरात कुठं दिसणार?

पुण्यातला_लातूरकर

गैरसमज करून घेऊ नका पण एक विचारतो. आता गावात घरटी मोटारसायकल आहे. ज्याच्याकडं नाही तो टमटमनं जातो, काळीपिवळीनं जातो. एसटी तोट्यात चालवायची कशाला? माझ्या गावात गाडी येते पण बसायला माणूस नसतो, मी स्वतः बघितलंय. रस्ता चांगला मागा, गाडी ज्याची तो बघेल.

तांड्यावरून

लातूरकर दादा, मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर आशा म्हणून काम करते, म्हणून तुम्हाला उत्तर द्यावं वाटलं.

घरटी मोटारसायकल आहे हे बरोबर, पण ती चालवतं कोण? घरातला माणूस. तो ती घेऊन कामाला जातो. मागं बाई, सासू आणि लेकरं. मी तुम्हाला माझ्या तांड्यातली घरं डोळ्यापुढं आणून सांगते, मोटारसायकल दारात असली तरी ती चालवता येणारी बाई मला एक सापडत नाही. मग ती मोटारसायकल कोणाची सोय झाली?

टमटमचं म्हणाल तर ती भरल्याशिवाय निघत नाही. सकाळी नऊला बसलेली बाई दहापर्यंत फाट्यावर पोचत नाही, दवाखान्यात केस पेपरची लाईन निघून जाते. परत येताना पाचनंतर टमटम नाही. तपासणीला चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या बायांना मी घेऊन जाते, एकीला घेऊन जायचं तर दोघींचं भाडं, कळा सुरू झाल्या तर १०२ किंवा १०८ ला फोन करतो, गाडी येते, पण तपासणीला, सोनोग्राफीला, लेकराच्या डोसाला कोण गाडी पाठवतं? त्याला एसटीच लागते.

आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना त्याच्या आधीच फुकट झालं. फार चांगली गोष्ट झाली, बाया आता माहेरी जायला नवऱ्यापुढं हात पसरत नाहीत. पण हा फायदा ज्या गावात गाडी येते तिथल्याच बाईला. आमच्या तांड्यावरची बाई टमटमला पूर्ण भाडं देऊन फाट्यावर जाते आणि मग पुढं अर्ध्या तिकिटात बसते. सगळ्यात गरीब बाईच सगळ्यात जास्त पैसे देते, एवढं एक ध्यानात घ्या.

गंगाथडी

ताई बरोबर बोलल्या. माझं थोडं वेगळं. आपल्याकडं लोकांना वाटतं की गाडी म्हंजे उपकार हायेत. मराठवाड्यात सरकारी बस मुंबई-पुण्याच्या आधीची हाय राव. निजामाच्या रेल्वेखात्यानं १९३२ ला २७ बस घेऊन सेवा सुरू केली होती, तिकडं पुणे-नगर एसटी १ जून १९४८ ला सुटली. आपली सेवा मग १९६१ ला महामंडळात मिळवली. मी माझ्या आजोबाकडून ऐकत आलो की पूर्णेच्या, परभणीच्या स्टेशनला रेल्वे गाठायला बस असायची. म्हंजे रेल्वे आणि बस एकमेकाला जोडून चालवायची ही अक्कल ह्या मातीत जुनी हाय. आता बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे आली, १९९५ ला मंजूर झालेली लाईन, डोळ्यात पाणी आलं लोकांच्या. पण शिरूर-पाटोद्याच्या आतल्या गावचा माणूस बीड स्टेशनला येणार कसा, हे कोणी बोलंना.

रिटायर_कंडक्टर

मंडळी, मी एसटीत कंडक्टर होतो, सगळी नोकरी मराठवाड्यातच झाली. डेपोचं नाव घेत नाही. बालाघाटी, तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर बऱ्यापैकी माझ्याजवळ आहे, सावकाश वाचा.

लोकसंख्या विचारायची पद्धत आहे पण गाडी चालू-बंद त्यावर ठरत नाही, ती ठरते भारमानावर. भारमान म्हणजे गाडीत जेवढ्या शिटा त्या गुणिले जेवढं अंतर, त्यातल्या किती शिटा किती अंतर खरंच विकल्या गेल्या. आता बघा, सकाळची फेरी गावातून गच्च भरून निघते, पण ती गाडी त्याच सकाळी डेपोतून गावाला आली असेल तर येताना रिकामी आली. दोन्हीची सरासरी काढली की निम्म्यावर येते, आणि डिझेल दोन्ही वेळेला जळालं. मुक्कामी गाडीचं गणित म्हणूनच बरं असतं. संध्याकाळी बाजारची, शाळेची, कामाची माणसं घेऊन येते, रात्री थांबते, सकाळी घेऊन जाते. दोन्ही टायमाला माणूस. दुपारची फेरी मागितली तर जाताना मोकळी, येताना मोकळी, सहा महिन्यात बंद. म्हणून अर्जात "दिवसातून चार फेऱ्या द्याव्यात" असं कधीच लिहू नका. एक मुक्कामी मागा. ती टिकली की बाकीचं पुढं बघता येतं.

दुसरं, आणि हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिकीट निघतं ते थांब्यापासून. तुमची माणसं चालत नाहीतर टमटमनं फाट्यावर येतात आणि तिथं गाडीत बसतात, मशीनमध्ये तिकीट फाट्याचं पडतं. वर्षभराचा कागद काढला की फाटा भरलेला दिसतो आणि तुमचं गाव कुठंच नाही. डेपो म्हणतो तुमच्या गावाचा प्रवासीच नाही. प्रवासी आहे हो, फाट्याच्या नावावर आहे. शेजारच्या तीन-चार गावांची माणसं त्याच फाट्यावर येत असतील तर सगळ्यांचा प्रवास एकाच थांब्याच्या खात्यावर पडतो.

तिसरं, पासवाली पोरं. विद्यार्थ्याच्या पासात मोठी सवलत आहे, तो पैसा रोजच्या तिकिटात दिसत नाही. पोरांनी दाराला लटकून भरलेली गाडी रोकड तिकिटाच्या हिशोबात हलकी वाटते. म्हणून पासाची यादी वेगळी काढून द्यायची, कोणत्या शाळेची किती पोरं, मुली किती. मुली पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत जातात, त्यांची यादी तर शाळेच्या शिक्क्यानिशी द्या, शिक्का असला की कागद कोणी बाजूला टाकत नाही.

आता गावानं काय करायचं ते. मुक्कामी गाडी म्हणजे ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं रात्री तुमच्या गावात राहणार. त्यांना पाठ टेकायला खोली पाहिजे, पाणी पाहिजे, संडास पाहिजे. मी स्वतः देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात झोपलोय, पावसाळ्यात गाडीतच शिटांवर झोपलोय, सकाळी तोंड धुवायला हापसा शोधायचा. काही गावात असं व्हायचं की मारुतीच्या पारावर म्हातारे बसलेले असायचे, गाडी आली की कोणी भाकरी आणून द्यायचं, कोणी दूध आणायचं, तिथली ड्यूटी लागली की बरं वाटायचं. तर काही गावात कोणी साधी खोली उघडून देत नव्हतं. ड्रायव्हर-कंडक्टर अशा गावची ड्यूटी टाळतात, तक्रारी जातात, आणि मग गाडी बंद करायला कारण सापडतं. ग्रामपंचायतीची एक खोली, लाईट आणि संडास, एवढं लिहून द्या, ठरावात लिहून द्या.

आणि वळायला जागा. एसटीची गाडी लांब असते, ती गावात येऊन वळली पाहिजे. बऱ्याच गावात वळणाच्या जागेवर उकिरडे आलेत, कडब्याच्या गंजी लागल्यात, बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आल्यात आणि काच फुटली की ड्रायव्हरच्या अंगावर येतं. डेपोचा माणूस रस्ता बघायला येतो तेव्हा पहिलं हेच बघतो. त्याच्या आधी जेसीबी लावून तेवढी जागा मोकळी करा.

बालाघाटी

काका, एवढं कोणी सांगितलं नव्हतं आजपोतर. फाट्याच्या तिकिटाचं वाचून तर डोकंच चाललं, आमची सगळी माणसं फाट्यावरच बसायलेत आणि कागदावर आम्ही शून्य. खोलीचं बी खरंय, जुनी व्यायामशाळेची खोली पडून हाय, तिथं सोयाबीनची पोती ठेवलीत.

एक विचारायचंय, रस्त्याचं काय? आमचा रस्ता उखडलाय, अर्धा प्रधानमंत्री सडकमध्ये झालेला, अर्धा कोणाचा तेच कळंना. वस्त्यांना तर रस्ताच नाही.

जालनेकर

रस्त्याचं मी सांगतो, ठेकेदारीत काही वर्ष काढलीत.

पहिलं, रस्ता कोणाचा ते ओळखा. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे पाच थर आहेत. शेवटचे दोन साधारण जिल्हा परिषदेकडं, वरचे बांधकाम खात्याकडं. तुमचा रस्ता ग्रामीण मार्ग असणार, त्याला नंबर असतो, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्ते विकास आराखड्याचा नकाशा असतो त्यात तो नंबर बघा. नंबर नसेल तर तुमचा रस्ता सरकारच्या लेखी रस्ताच नाही, ती पाणंद आहे, मग आधी त्याला नंबर मिळवायला ठराव करा. नंबर नसलेल्या रस्त्यावर पैसा टाकायला अधिकाऱ्याचा हात धजत नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला आली. तिथं एकक महसुली गाव नाही, वस्ती आहे, हे फार महत्त्वाचं. सपाट भागात ५०० लोकसंख्या, डोंगरी-आदिवासी भागात २५०. किनवटकडच्या आदिवासी गावांना २५० लागू, तुमच्या बालाघाटाला डोंगर असून ५०० च. पण त्यात एक सवलत आहे, अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. तुमच्या तीन वस्त्या एकमेकांपासून किती लांब आहेत ते मोजा, जवळ असतील तर एकत्र करून ५०० ची मर्यादा गाठता येईल का बघा. सप्टेंबर २०२४ ला योजनेचा चौथा टप्पा मंजूर झालाय, देशात २५,००० वस्त्या जोडायच्या आहेत आणि त्यात २०११ चा आकडा धरलाय. म्हणजे परत तुमचा तोच फेब्रुवारीचा आकडा, त्यामुळं एकत्र धरायचा मुद्दा सोडू नका.

त्या योजनेत झालेल्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदारावर असते. रस्त्याच्या तोंडाला बोर्ड असतो, काम पूर्ण झाल्याची तारीख बघा, पाच वर्षं झाली नसतील तर खड्डे बुजवणं त्याचंच काम.

आणि आपल्याकडं रस्ता का टिकत नाही हे पण लिहितो. काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खाली मुरमाचा जाड थर टाकून दाबला नाही आणि कडेला पाणी जायला चर काढली नाही तर वरचं डांबर दोन पावसाळ्यात सोलून निघतं. काम चालू असताना गावातल्या चार पोरांनी रोज जाऊन मुरूम किती पडला, रोलर फिरला का ते बघितलं तर अर्धा फरक पडतो. काम झाल्यावर आंदोलन करून काही निघत नाही.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, ७०१ किलोमीटरचा. शिवारातून दिसतो, पण चढायचं तर इंटरचेंजलाच, आणि मोटारसायकल, रिक्षाला त्यावर परवानगीच नाही. त्यामुळं मोठा रस्ता जवळ आला म्हणजे गावाचं दळणवळण सुधारलं असं कोणी म्हणलं की मला फार राग येतो.

पुण्यातला_लातूरकर

ताई, काका, वाचलं सगळं. माझ्या गावची गाडी दुपारी एकला येते, म्हणूनच रिकामी असणार. तोट्याचा प्रश्न मात्र राहतोच.

रिटायर_कंडक्टर

राहतो ना. पण लातूरकर, बायांच्या, म्हाताऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, त्यामुळं सवलतीचा प्रवासी म्हणजे तोट्याचा प्रवासी नव्हे. तो गाडीत बसलाच नाही तर ते पैसे बी येत नाहीत.

परांड्याची_लेक

मला मुलींबद्दल लिहायचंय. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंत. कॉलेज तालुक्याला. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी हुशार होत्या, दहावीला मार्क चांगले पडले, पण पुढं कसं पाठवायचं हा प्रश्न आला. घरचे म्हणतात टमटममध्ये पोरीला एकटी पाठवायची नाही, संध्याकाळी उशीर झाला तर कोण आणणार. मग ॲडमिशन होतं पण जाणं होत नाही, आणि मग स्थळ येतं. ज्यांच्या घरी ऊसतोड आहे त्यांचं तर लवकरच ठरतं, कारण जोडपं झालं की एक कोयता तयार होतो. पोरीचं शिक्षण आईबापाला नको असतं असं नाही हो. गाडी असली तर पाठवतात, मी स्वतः त्या गाडीमुळं बारावी झाले.

ती निळी गाडी होती, मानव विकासची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस दिल्यात, एसटीच चालवते, आठवी ते बारावीच्या मुलींना प्रवास मोफत. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना सायकल मिळते. बालाघाटी दादा, तुमचा तालुका त्या यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर निळ्या गाडीचा रूट दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या वेळेला ठरतो, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. एप्रिल-मे मध्येच मागं लागावं लागतं, जुलैमध्ये गेलं तर गाड्या वाटून झालेल्या असतात.

आमच्या गाडीत सकाळी थंडीत खिडकीच्या काचेवर पोरी बोटानं गणिताची सूत्रं लिहायच्या, पेपरच्या दिवसात. एका गाडीत इतक्या गावच्या पोरी एकत्र आल्या की कोणी छेडायची हिंमत करत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

तांड्यावरून

बाई, तुझं वाचून लई बरं वाटलं. शिकत रहा.

बालाघाटी दादा, मोजणीचं मी सांगते. तुमच्या गावात आशाताई असेलच. आमच्याकडं घरनिहाय नोंद असते, गरोदर बाया, लहान लेकरं, बीपी-शुगरचे पेशंट. नावं देता येत नाहीत, ती खाजगी गोष्ट आहे, पण नुसता आकडा ताईला विचारा, महिन्याला दवाखान्यात जावं लागणारे किती. अंगणवाडी ताईजवळ लेकरांचा आकडा असतो. गुरुजींकडं हजेरी असते, त्यात ऊसतोडीला कोणती लेकरं गेली आणि कोणती मागं राहिली ते कळतं. बाहेरून कोणी येऊन मोजायची गरज नाही, सगळं गावातच चार वह्यांत पडलेलं आहे.

गुरुजी_हिंगोली

ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. मी त्यात भर घालतो, मोजणी दोनदा करा. एकदा ऑगस्टमध्ये टोळ्या घरी असताना आणि एकदा जानेवारीत टोळ्या गेल्यावर. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यावरून गाव केवढं आहे ते कळेल, दुसऱ्यावरून कळेल की मागं राहिलेल्यांत साठीच्या पुढचे आणि शाळेचे किती. हा दुसरा आकडाच डेपोला पटवायला कामाचा, कारण हेच सगळे एसटीनं जाणारे.

२०२७ च्या मोजणीचं सुद्धा आत्तापासून बघा. ज्या घरातला एखादा माणूस फेब्रुवारीत दोन-चार दिवस का होईना गावात येऊन जातो, त्याची नोंद गावात होऊ शकते. म्हातारे आईबाप प्रगणकाला "पोरगा कारखान्यावर गेलाय" एवढंच सांगतात आणि तो येऊन गेलेला असला तरी नाव राहून जातं. खोटं नाव घालायचं नाही, ते चुकीचंच. पण खरं नाव राहू नये म्हणून घरोघर नीट समजावून सांगा.

बालाघाटी

गुरुजी, ताई, काका, मी आज संध्याकाळीच सरपंचाकडं जाणार हाय. असं ठरवलंय बघा. पहिल्यांदी आशाताई, अंगणवाडी आणि शाळेतून आकडे. मग प्रत्येक वस्तीवर दोन पोरं, घरटी तीनच प्रश्न, कोण जातं, कुठं जातं, किती वाजता. फाट्यावर एक आठवडा सकाळ-संध्याकाळ एक पोरगं वही घेऊन बसवायचं, आमच्या गावची किती माणसं तिथून चढतात ते लिहायला, म्हंजे फाट्याच्या तिकिटातला आमचा वाटा कळेल. शेजारच्या दोन गावांनाबी बोललो, ती त्याच फाट्यावर येतात, तिघांचा मिळून एकच रूट मागायचा. व्यायामशाळेची खोली मोकळी करून घेतो. वळणाच्या जागेवर दोघांचे उकिरडे हायेत, त्यातला एक माझ्या चुलत्याचा, ते माझ्यावर सोडा.

ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यावा का?

रिटायर_कंडक्टर

नको. २६ जानेवारीला तुमचं अर्धं गाव कारखान्यावर, गणपूर्ती व्हायची बोंब. १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. ठरावात गाडीची वेळ लिहा, आकडे लिहा, खोलीचं लिहा, तिन्ही गावांचे ठराव एकत्र जोडा. अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावानं, प्रत विभाग नियंत्रकाला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपुढून हलायचं नाही. महिन्यात उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून त्या फाट्याच्या थांब्याचे वर्षभराचे तिकिटाचे आकडे मागा.

जालनेकर

आणि त्याच ग्रामसभेत रस्त्याच्या नंबरचा ठराव पण उरका. दोन वेगळे ठराव करा, एकात कोंबू नका, एक बांधकामकडं जातो आणि एक डेपोकडं.

परांड्याची_लेक

गाडीची वेळ ठरवताना कॉलेजच्या पहिल्या तासाची वेळ विचारा दादा. आमच्याकडं गाडी सव्वाआठला पोचायची आणि प्रॅक्टिकल आठला असायचं.

बालाघाटी

विचारतो ताई. तालुक्यातल्या दोन्ही कॉलेजचं टायमिंग उद्याच फोनवर घेतो, सकाळी सहाला गाडी निघाली तर म्हाताऱ्यांना दवाखान्यापुढं बसून राहावं लागंल का ते बी बघावं लागंल.

तांड्यावरून

केस पेपर साडेआठला सुरू होतात आमच्याकडं. तुमच्याकडचं आशाताईला विचारा, तिला तोंडपाठ असतं.